मागून पुढे वाचायचं पुस्तक

फॉस्टर पालकांच्या प्रशिक्षणाचा शेवटचा शनिवार होता. कॉफीचे कागदी कप गोळा करता करता शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या हातात एक जुनं पेपरबॅक ठेवलं. आम्ही अर्जावर 'विकासात्मक अक्षमता असलेलं मूल चालेल' या चौकटीत खूण केली होती, ते त्यांच्या लक्षात होतं. "वाच, पण एका बैठकीत वाचू नकोस," एवढंच म्हणाल्या.

पुस्तक होतं मायकेल डॉरिस यांचं 'द ब्रोकन कॉर्ड'. पहिल्यांदा मी ते साठेक पानांनंतर मिटलं आणि कपाटात मागे सारलं. दुसऱ्यांदा पूर्ण वाचलं, ते बंड्या घरी येऊन दीड वर्ष झाल्यावर. आता नोव्हेंबरात त्याच्या दत्तकाची कोर्टात सुनावणी आहे, म्हणून तिसऱ्यांदा वाचलं, हातात पेन्सिल घेऊन. बंड्या हे त्याचं खरं नाव नव्हे. फॉस्टर केअरमधल्या मुलाचं नाव आणि फोटो जाहीर करायला मनाई असते. तुमच्यापुरता तो बंड्या. वय आठ.

पस्तीसहून जास्त वर्षं जुन्या इंग्रजी पुस्तकावर आता मराठीत कशाला लिहायचं, असं तुम्ही विचाराल. कारण असं की गेल्या दोन वर्षांत तीन मराठी जोडप्यांनी मला रात्री उशिरा फोन करून, आवाज खाली करून, एकच प्रश्न विचारला आहे: "पण मुलाला काही असलं तर?" त्यातल्या दोघांना कुणी ना कुणी हेच पुस्तक वाचायला सुचवलं होतं. या विषयावरचं अमेरिकेतलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक अजूनही हेच आहे. ते वाचून माणूस घाबरतो. त्या घाबरण्यातलं किती खरं आणि किती पुस्तकाच्या मांडणीचं, हे कुणीतरी वेगळं करून सांगायला हवं.

आधी गोष्ट. १९७१ साली डॉरिस सव्वीस वर्षांचे होते, अविवाहित होते. मानववंशशास्त्राचे अभ्यासक. पुढच्याच वर्षी त्यांनी डार्टमथ कॉलेजात मूलनिवासी अमेरिकनांच्या अभ्यासाचा विभाग सुरू केला. एकट्या पुरुषाला दत्तक मूल देणं त्या काळी जवळजवळ ऐकिवात नव्हतं. त्यांना साउथ डकोटा राज्याच्या ताब्यातला तीन वर्षांचा एक मुलगा मिळाला. पुस्तकात त्याचं नाव अ‍ॅडम. कागदोपत्री त्याच्यावर 'मतिमंद' असा शिक्का होता. डॉरिस यांना तो शिक्का मान्य नव्हता. पोराची आबाळ झाली आहे, त्याला पुरेसं खायला, प्रेम आणि पुस्तकं मिळाली की तो इतरांच्या बरोबरीला येईल, अशी त्यांची पक्की समजूत होती.

तसं झालं नाही. फिट्स येत राहिल्या. घड्याळ कळेना, पैशांचा हिशेब कळेना, आज केलं त्याचा उद्याशी संबंध लागेना. बापाने शाळा बदलल्या, डॉक्टर बदलले, शिक्षकांशी वाद घातले. मग १९८०च्या दशकात साउथ डकोटातल्या पाइन रिज या राखीव प्रदेशात एका केंद्राला भेट देताना त्यांना तिथली मुलं दिसली आणि धक्का बसला: चेहरे, हालचाली, हुबेहूब अ‍ॅडम. तिथे त्यांना उलगडा झाला की हा फीटल अल्कोहोल सिंड्रोम आहे. गर्भात असताना आईच्या पोटातल्या दारूने बाळाच्या मेंदूला झालेली कायमची इजा. सिअ‍ॅटलच्या डॉक्टरांनी या आजाराला हे नाव दिलं १९७३ साली, म्हणजे अ‍ॅडम घरी आल्यावर दोन वर्षांनी. ज्या वर्षी बापाने आशेने कागदांवर सही केली, त्या वर्षी त्या मुलाच्या दुखण्याला नावच नव्हतं.

पुस्तकाचा पहिला अर्धा भाग मला आजही अप्रतिम वाटतो, आणि तो का, ते सांगते. दत्तकाबद्दल लिहिणारे बहुतेक पालक एक तर स्वतःला संत करतात, नाहीतर मुलाला देवदूत. डॉरिस दोन्ही करत नाहीत. स्वतःचा अहंकार ते उघडा करून दाखवतात. शिक्षक सांगत होते की मुलाला अमुक जमत नाही, आणि बाप सांगत होता की तुम्हाला शिकवता येत नाही. वर्षांनंतर तो मान्य करतो की शिक्षक बऱ्याचदा बरोबर होते, आपल्याला ऐकायचं नव्हतं. हे कबूल करायला धैर्य लागतं. वाचताना मला आमच्या जेवणाच्या टेबलावरची मी दिसले. बंड्याला सात वाजले म्हणजे काय हे समजावत होते, एका संध्याकाळी पंधराव्यांदा. आवाज चढलेला. तो माझ्याकडे बघून हसत होता, कारण माझा राग त्याला कळत होता आणि सात कळत नव्हते. त्या दिवशी सोमवार होता. मंगळवारी पुन्हा पहिल्यापासून.

मेंदूला झालेली ही इजा बाहेरून दिसत नाही. बंड्या बडबडा आहे, गोड आहे, पाहुण्यांना पाणी आणून देतो. सणाच्या कार्यक्रमात त्याला पाहिलेल्या मैत्रिणी म्हणतात, "अगं, याला काय झालंय? मस्त आहे की!" आणि तोच मुलगा डिसेंबरात बर्फात अनवाणी जातो, काल हात भाजला त्याच तव्याला आज पुन्हा हात लावतो. त्याच्या आधीच्या शाळेने हे 'शिस्तीचा प्रश्न' म्हणून दोन वर्षं फाइलला लावलं. शिक्षा करून शिकवायचं, तर कालची शिक्षा आज आठवायला हवी ना. डॉरिस यांनी हे सगळं निदानाचं नाव हाताशी नसताना अनुभवलं आणि नंतर मागे वळून लिहिलं. पुस्तकाच्या या भागाला मी कधीच नावं ठेवणार नाही. १९८९ सालचा नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कलचा पुरस्कार त्याला मिळाला, तो योग्यच होता.

आता माझी तक्रार.

पुस्तकभर एक मुलगा अदृश्य वावरत असतो. आईने दारू प्यायली नसती तर जो अ‍ॅडम झाला असता, तो. बाप प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक निकालाला खऱ्या अ‍ॅडमला त्या न झालेल्या अ‍ॅडमच्या शेजारी उभं करतो आणि उंची मोजतो. खरा मुलगा दर वेळी बुटका ठरतो. दुःख खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण तीनशे पानं हीच मोजपट्टी राहिली की वाचकाच्या नजरेसमोरचा मुलगा हळूहळू पुसट होतो आणि उरतो फक्त तोटा. लेखक प्राध्यापक, घर पुस्तकांचं, आणि मुलाला वाचनाचा आनंद घेता येत नाही, हे त्यांना सर्वात जास्त टोचतं.

आपल्याला हे कळायला वेळ लागू नये. आपण इथे आलो ते परीक्षांच्या जोरावर. आपल्या जेवणाच्या टेबलांवर स्पेलिंग बी असते, गणिताची शिकवणी असते, कुणाचं पोर कुठल्या कॉलेजात गेलं याची यादी तोंडपाठ असते. 'हुशार' हा शब्द आपण मुलाच्या नावाआधी उच्चारतो. अशा घरात बंड्यासारखं मूल आणायचं, तर आधी ती मोजपट्टी खाली ठेवावी लागते. डॉरिस यांना ती शेवटपर्यंत ठेवता आली नाही. मला जमली आहे, असं म्हणत नाही. दिवसातून दोनदा ठेवते, तीनदा उचलते.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. पुस्तकाच्या उत्तरार्धात डॉरिस सिद्धतेकडे वळतात: संशोधकांच्या मुलाखती, आकडे, राखीव प्रदेशांतली दारूची समस्या. आणि तिथून ते अशा निष्कर्षाशी येतात की दारू न सोडणाऱ्या गरोदर बाईला बाळंतपणापर्यंत कोंडून ठेवणंही समर्थनीय ठरू शकतं. प्रस्तावना त्यांच्या पत्नी, कादंबरीकार लुइस अर्ड्रिक यांची आहे, आणि त्याही या मताला दुजोरा देतात. डकोटा लेखिका एलिझाबेथ कुक-लिन यांनी या भूमिकेवर कडाडून टीका केली, ती याच कारणासाठी, की सगळा दोष मूलनिवासी बाईच्या पदरात पडतो. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही मत स्पष्ट आहे: शिक्षेच्या भीतीने बाई दारू सोडत नाही, डॉक्टरकडे यायचं सोडते.

आणि इथे इतिहास बाजूला ठेवता येत नाही. अ‍ॅडम दत्तक गेला तो काळ आठवा. १९६९ आणि १९७४ साली झालेल्या पाहण्यांत दिसलं होतं की मूलनिवासी मुलांपैकी २५ ते ३५ टक्के मुलं घरांपासून तोडून संस्थांत, फॉस्टर घरांत वा दत्तक घरांत गेली होती, बहुतेक गोऱ्यांच्या. म्हणून १९७८ साली इंडियन चाइल्ड वेल्फेअर अ‍ॅक्ट आला आणि अशा मुलांवर पहिला हक्क त्यांच्या नातलगांचा आणि जमातीचा ठरला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा कायम ठेवला. डॉरिस स्वतःला मूलनिवासी वंशाचे म्हणवत, त्यावरही पुढे शंका घेतल्या गेल्या. पण मुद्दा त्यांच्या रक्ताचा नाही. ज्या बाईच्या पोटी अ‍ॅडम आला, तिचा आवाज या पुस्तकात जवळजवळ ऐकू येत नाही. तिला कारण म्हणून आणलं आहे, माणूस म्हणून नाही.

मला हे खटकतं, कारण बंड्याच्या आईला मी ओळखते. दीड वर्ष दर आठवड्याला काउंटीच्या भेटीच्या खोलीत आम्ही समोरासमोर बसलो. ती तेवीस वर्षांची होती. दोन बस बदलून यायची, येताना त्याच्या आवडीच्या चिप्स आणायची. तीन वेळा आली नाही, आणि त्या तिन्ही वेळा बंड्याने रात्री अंथरूण ओलं केलं. तिच्यावर मी मनातल्या मनात किती चिडले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटच्या भेटीत तिने मला विचारलं, "तो अजून झोपताना कान धरतो का?" धरतो. एका हाताने स्वतःचा, दुसऱ्याने माझा. ही सवय त्याला तिने लावली होती. गरोदरपणी ती प्यायली हे खरं, आणि ते काय केल्याने थांबलं असतं, याचं उत्तर मला तुरुंगाच्या दारात सापडत नाही.

'ब्रोकन कॉर्ड' म्हणजे तुटलेली नाळ. परदेशातले आपण मराठी लोक हा शब्द फार वापरतो. मातीशी नाळ, भाषेशी नाळ. दर गणपतीला कुणीतरी व्यासपीठावरून ती तुटू न देण्याची शपथ घेतो. आणि तीच माणसं मला सांगतात की दत्तक झाल्यावर बंड्याच्या आईशी संबंध ठेवू नका, मुलगा गोंधळेल. तो तिला मॉम म्हणतो, मला आई म्हणतो. त्याच्या डोक्यात सात आणि नऊ यांचा गोंधळ आहे. या दोन शब्दांचा नाही.

पुस्तकाबाहेर पुढे काय झालं, तेही तुम्हाला माहीत हवं. १९९१ साली अ‍ॅडम मोटारीची धडक बसून गेला. तेवीस वर्षांचा होता. पुस्तकावर निघालेला दूरचित्रवाणीपट त्याच्या मृत्यूनंतर, १९९२ साली दाखवला गेला. डॉरिस आणि अर्ड्रिक वेगळे झाले. १९९७ साली डॉरिस यांनी आत्महत्या केली. तेव्हा त्यांच्यावर स्वतःच्या मुलींच्या छळाचे आरोप होते, आणि त्यांच्या मृत्यूने ती चौकशी निकालाविना संपली. हे कळल्यावर काही जण पुस्तक फेकून देतात. मी दिलं नाही, पण त्यानंतर बापाच्या आवाजावर आधीसारखा डोळे मिटून विश्वासही ठेवला नाही. एकाच माणसाने सांगितलेली घराची गोष्ट, मग ती कितीही प्रामाणिक वाटो, त्या घराची पूर्ण गोष्ट नसते. हा लेख वाचतानाही ते लक्षात असू द्या.

आता पुस्तक जे सांगू शकत नाही, ते. डॉरिस ज्या संशोधनाच्या आधारे लिहीत होते, ते पुढे सरकलं. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अ‍ॅन स्ट्रायसगुथ यांनी अशा मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. शाळा सुटणं, पोलिसांशी गाठ, व्यसन, या पुढच्या आपत्ती कुणाला टळतात, हे पाहिलं. दोन गोष्टी ठळक निघाल्या: निदान लवकर होणं, आणि मुलाला स्थिर, मायेचं घर मिळणं. मेंदूची इजा जात नाही, पण आयुष्याची वाट बदलू शकते. अ‍ॅडमला घर मिळालं, निदान फार उशिरा मिळालं. बंड्याचं निदान सहाव्या वर्षी झालं. त्या दिवसापासून आम्ही शिक्षा बंद केल्या आणि घर बदललं. दारावर बुटाचं चित्र, तव्यावर लाल पट्टी, रोजचा क्रम भिंतीवर फोटोंत. त्याला बदलण्यापेक्षा भिंत बदलणं सोपं गेलं.

कागदांचीही गोष्ट सांगते, कारण फोन करणाऱ्यांना तीच सर्वात उपयोगी पडते. १९८०च्या केंद्रीय कायद्यापासून, अक्षमता असलेल्या वा इतर कारणांनी घर मिळायला अवघड जाणाऱ्या फॉस्टर मुलांच्या दत्तकासाठी अनुदान आणि मेडिकेड मिळू शकतं. पण तो करार अंतिम हुकूमनाम्याच्या आधी सहीशिक्क्यासह व्हायला हवा. नंतर मागायला गेलात तर दमून जाल. १९७५च्या कायद्याने शाळेला अशा मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा करावाच लागतो. आणि अठरा पूर्ण झाले की पालक म्हणून तुमचा कायदेशीर अधिकार संपतो. पुढे पालकत्व हवं असल्यास पुन्हा कोर्टात जावं लागतं. हे सगळं सुनावणीच्या आधी वकिलाला विचारा. मोठ्या मनाचं कौतुक करणारे भरपूर भेटतात, हे सांगणारं कुणी भेटत नाही.

त्या कौतुकाबद्दलही बोलायला हवं. आपल्याकडे 'दत्तक' या शब्दाला वारसाचा वास आहे. झाशीच्या गादीसाठी दामोदरराव, बडोद्याच्या गादीसाठी १८७५ साली नाशिककडच्या कवळाण्याहून आणलेला बारा वर्षांचा गोपाळराव, जो पुढे सयाजीराव झाला. दत्तक घ्यायचा तो गादी चालवायला, पिंडाला, म्हातारपणीच्या काठीला. माझ्या सासूबाई दुष्ट नाहीत. त्यांनी व्हिडिओ कॉलवर सरळ विचारलं, "अगं, तो तुम्हाला बघणार, की तुम्ही त्याला?" मी म्हटलं, "आई, आम्ही त्याला." बराच वेळ त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आणि तुमच्यानंतर?"

हाच प्रश्न डॉरिस यांच्या पुस्तकाच्या तळाशी आहे. हाच प्रश्न अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी आयुष्यभर सरकारला विचारला. टाकून दिलेल्या शेकडाहून अधिक अपंग, मतिमंद मुलांना त्यांनी बाप म्हणून स्वतःचं नाव लावलं. अठरा वर्षं झाली म्हणून अशा मुलांना संस्थेबाहेर काढू नका, त्यांना आयुष्यभराचा आसरा देणारा कायदा करा, ही त्यांची मागणी. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. डॉरिस आणि पापळकर यांची तुलना करायची नाही, पण एक फरक नजरेत भरतो. एकाने मुलाकडे पाहून विचारलं, हा काय होऊ शकला असता. दुसऱ्याने विचारलं, हा उद्या कुठे राहणार. दुसऱ्या प्रश्नाला निदान काहीतरी करता येतं. सासूबाईंना मी अजून उत्तर दिलेलं नाही. ट्रस्टचे कागद वकिलाकडे आहेत, भावाच्या मुलीशी बोलणं झालं आहे. तेवढंच आज आहे.

आणि आता शेवटची पानं, ज्यांच्यासाठी हे सगळं लिहिलं.

बापाचं लेखन संपल्यावर पुस्तकात अ‍ॅडमने स्वतः लिहिलेली आपल्या आयुष्याची हकिगत आहे. बापाने ती न सुधारता छापली, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. पहिल्या वाचनात मी तिथवर पोचलेच नाही. दुसऱ्यांदा ती परिशिष्ट समजून चाळली. या वेळी नीट वाचली आणि सगळं पुस्तकच हललं. कारण तिथे तो न झालेला अ‍ॅडम कुठेच नाही. लिहिणाऱ्याला त्याची गाठच पडलेली नाही. तिथे माणसं आहेत, जागा आहेत, घडलेल्या गोष्टी एकामागोमाग आहेत, आणि मधे 'मी' आहे, ज्याला स्वतःबद्दल लिहावंसं वाटलं. ज्या मुलाला कारण-परिणाम जुळवता येत नाही असं तीनशे पानं ऐकलं, त्याने एक एक अक्षर जुळवत आपली गोष्ट पूर्ण केली. बापाच्या शोकाला ती उत्तर देत नाही. शेजारी येऊन बसते, एवढंच.

डॉरिस यांनी ही पानं शेवटी ठेवली. ती सुरुवातीला असती, तर मला वाटतं, पुस्तक वेगळं झालं असतं, आणि ते वाचून फोन करणाऱ्यांचा आवाजही थोडा वेगळा असता. म्हणून माझी शिफारस अशी: पुस्तक जरूर वाचा, पण मागून. आधी अ‍ॅडमला भेटा. मग बापाचा पूर्वार्ध वाचा, सावकाश. गरोदर बायकांना कोंडण्याची पानं आलीत, तर त्या बाईचं वय काय असेल, हा विचार करत वाचा.

बंड्याला अजून वाचता येत नाही. सुनावणीच्या दिवशी न्यायाधीश त्याला काही विचारतील का, असं वकिलाला विचारलं, तर म्हणाली, बहुतेक नाव विचारतील आणि हातोडा आपटू देतील. म्हणून आम्ही रोज संध्याकाळी नाव सांगायचा सराव करतो. पहिलं नाव तो झटकन सांगतो. मग त्याच्या आईचं आडनाव, जे आम्ही मधलं नाव म्हणून ठेवतो आहोत. मग आमचं. तिसऱ्यावर अडतो, दर वेळी. काल अडला, माझा कान धरला आणि म्हणाला, "आई, तू सांग."